५० पैकी किती? : एका सोनेरी बिअरच्या निमित्ताने

बेल्जियन पद्धतीच्या ब्लाँड ॲबी एलला ५० पैकी किती गुण द्यावेत, हा प्रश्न पाव शतकाहून अधिक काळ जगभरचे हजारो लोक अत्यंत गांभीर्याने विचारत आणि सोडवत आलेले आहेत. माझे म्हणणे असे की ह्या प्रश्नाचे कुठलेही उत्तर बरोबर असू शकत नाही. आणि तरीही चांगली बिअर व वाईट बिअर ह्यांत भेद असतो, तो सांगता येतो, सांगितलाच पाहिजे. ह्या दोन विधानांत ज्यांना विसंगती दिसते त्यांच्याशीच मला भांडायचे आहे.

वाङ्मयीन चर्चेत बिअर कशाला, असे कोणी विचारील. मद्याचा विषय निघाला की मराठी समीक्षक एकतर नैतिक होतो नाहीतर विनोदी. तिसरी वाट त्याला सुचत नाही. पण आपली सगळी परिभाषा मुळात जिभेवरून आलेली आहे. रस, रुची, अभिरुची, आस्वाद, चर्वणा हे शब्द आपण इतके घासून गुळगुळीत केले आहेत की त्यांना कधीकाळी लाळ सुटत असे, हे आपण विसरलो. ज्यांचे शास्त्र स्वयंपाकघरातून उचललेल्या शब्दांवर उभे आहे, त्यांनी पेयाची परीक्षा कशी चालते हे एकदा जवळून पाहायला हरकत नसावी. त्या परीक्षेचे गुणपत्रक आपल्या उत्तरपत्रिकांच्या गुणपत्रकाशी किती मिळतेजुळते आहे हे लक्षात आले, तर पाहण्यात आणखी रस वाटेल.

प्रथम ज्या वस्तूबद्दल बोलतो आहोत ती. ब्लाँड ॲबी एल म्हणजे बेल्जियममधील मठांच्या नावाने विकली जाणारी, सोनेरी रंगाची, साडेसहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली बिअर. लेफ ब्लाँड (६.६ टक्के) आणि ग्रिम्बर्गन ब्लाँड (६.७ टक्के) ही तिची सर्वांत ओळखीची रूपे, आफ्लिगेम ब्लाँड त्याच घरातली. फिकट पिल्सनर माल्ट, हात राखून घातलेले हॉप्स, थोडी साखर आणि बेल्जियन यीस्ट, एवढीच सामग्री. ह्यात साखरेचे काम उलटे आहे. घातली साखर यीस्ट जवळजवळ सगळीच खाऊन टाकते. मद्यार्क वाढतो, पण अंगात जडपणा येत नाही. साखर घालून पेय कमी गोड करण्याची ही युक्ती ज्याला ठाऊक नाही, तो 'किंचित मधाची गोडी' वगैरे लिहून मोकळा होतो. चवीचे खरे काम यीस्ट करते. ते तुलनेने उबदार तापमानाला आंबवू दिले की त्यातून फळांच्या जातीचे गंध (पेअर, पिकलेले केळे) आणि लवंगेकडे झुकणारा एक तिखटसर गंध निर्माण होतो. कोणीही त्यात लवंग टाकलेली नसते. हे सगळे अगदी सौम्य असते, आणि सौम्य असणे हाच ह्या बिअरचा स्वभाव आहे. पिल्सनरची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला मठाच्या दारात आणण्यासाठीच ती बऱ्याच अंशी घडवली गेली. तिचे तोंड पहिल्यापासून पाहुण्याकडे वळलेले आहे.

आता गुणपत्रक. रेटबिअर हे २००० साली सुरू झालेले संकेतस्थळ दीर्घकाळ ह्या क्षेत्रातले सर्वांत अधिकारी मानले जाई. तिथे गंधाला १०, दिसण्याला ५, चवीला १०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि 'एकंदर'ला २० असे ५० गुण असत. बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी बीजेसीपी ही अमेरिकेतली संस्था १९८५ पासून आहे. तिच्याही पत्रकाचे गुण ५०च आहेत, पण वाटणी वेगळी : गंध १२, दिसणे ३, चव २०, स्पर्श ५, एकंदर १०. एकीकडे 'एकंदर'चा वाटा ४० टक्के, दुसरीकडे २० टक्के. एकीकडे गंध आणि चव सारख्या वजनाच्या, दुसरीकडे चव गंधाच्या जवळपास पावणेदोनपट. दोन्ही पत्रके एकाच वस्तूचे एकच मूल्य मोजतात असा दावा आहे. ज्याच्या फूटपट्टीवर सेंटिमीटरची रुंदी प्रत्येक कारखान्यात वेगळी, त्याने कापडाची लांबी दशांश चिन्हापर्यंत सांगू नये, एवढे तारतम्य शिंप्यालाही असते.

पण वाटणीतला फरक ही वरवरची गोष्ट झाली. खरी गंमत त्या 'एकंदर' नावाच्या रकान्यात आहे. गंध, रूप, चव, स्पर्श ह्यांची बेरीज म्हणजे जर बिअर, तर बेरजेनंतर आणखी २० गुण कशाचे? हा रकाना म्हणजे पत्रक तयार करणाऱ्याने दिलेली कबुली आहे. तुकडे करून झाल्यावर हातात काहीतरी उरले, ते कुठल्याच तुकड्यात नव्हते, हे त्याच्या लक्षात आले; आणि मग त्याने त्या उरलेल्यालाच आणखी एक तुकडा म्हणून पत्रकात बसवले. आपल्याकडे परीक्षकाला दिल्या जाणाऱ्या आदर्श उत्तराच्या कागदावर आशय ५, मांडणी ५, भाषा ५ असे लिहून झाल्यावर 'समग्र प्रभाव ५' असा रकाना काढणाऱ्यांची हीच जातकुळी.

आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता आणि तोही पेयाच्याच दृष्टान्ताने. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची निष्पत्ती समजावून देताना भरत व्यंजने, औषधी आणि द्रव्ये ह्यांच्या संयोगाचा दाखला देतो. पुढच्या आचार्यांनी त्यातूनच पानकरसाचा न्याय घडवला. गूळ, मिरी आणि इतर पदार्थ घालून केलेले, आपल्या पन्ह्याच्या जातीचे पेय घेतले तर त्यात गूळ वेगळा लागत नाही, मिरी वेगळी लागत नाही. लागतो तो एक अपूर्व रस, जो घटकांपैकी कशातच नव्हता. विभावादिकांचा प्रत्यय असाच अखंड येतो, हा त्या न्यायाचा मथितार्थ. दृष्टान्त हा दृष्टान्तच असतो, हे मला मान्य आहे. पन्हे हे काव्य आहे असे कोणा आचार्याने म्हटलेले नाही. पण दृष्टान्त पटतो तो पेयाबद्दलची बाजू प्रत्येकाला आधीच ठाऊक असते म्हणून. काव्याचा अखंड प्रत्यय सिद्ध करायचा होता. पेयाचा अखंड प्रत्यय गृहीतच होता. जे आचार्यांना सिद्ध करावेसेही वाटले नाही, ते आज आम्ही पाच रकान्यांत मोडून टाकले आहे.

शरीरशास्त्रही रकान्यांच्या बाजूचे नाही. जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग घोट गिळताना तोंडाच्या मागच्या बाजूने नाकाकडे जाणाऱ्या वासाचा असतो. नाक चिमटीत धरून ब्लाँडचा घोट घ्यावा : थोडे गोड, थोडे कडू, बुडबुडे. लवंग गेली, केळे गेले, माल्टचा खरपूसपणा गेला. म्हणजे 'गंध' आणि 'चव' ह्या रकान्यांत एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, एकदा समोरच्या दाराने आणि एकदा मागच्या. 'दिसणे' तर फारच खोडकर रकाना आहे. बोर्दो येथे झालेले आणि २००१ साली प्रसिद्ध झालेले मोरो, ब्रोशे व द्युबुर्दिए ह्यांचे संशोधन वाइनचे आहे, पण इथे लागू पडते. ५४ जणांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली, तेव्हा त्यांनी ती लाल वाइनच्या शब्दांत वर्णिली. डोळ्याने आधीच निकाल दिला होता. नाकाने फक्त सही केली. सोनेरी रंग पाहिला की 'मध' आणि 'पेंढा' हे शब्द कुठून येतात, ते आता सांगायला नको.

ह्यावर गुणदानवाद्यांचे उत्तर तयार असते : व्यक्तिगत चुका सरासरीत बुडतात. ह्या श्रद्धेला काही आधार असता तर बरे झाले असते. रॉबर्ट हॉजसन ह्यांनी कॅलिफोर्नियातील एका मोठ्या वाइन-स्पर्धेच्या परीक्षकांची परीक्षा घेतली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकाला न सांगता तीनदा दिली, तर तिला दरवेळी एकाच पदकाच्या पातळीत ठेवू शकणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले; आणि जे एका वर्षी सुसंगत ठरले ते पुढच्या वर्षी ठरतीलच असेही नव्हते. हे जत्रेतले हौशे-नवशे नव्हेत, निवडलेले परीक्षक होते. सरासरीचा दुसरा दोष अधिक वाईट आहे. ५ पैकी ३ ह्या आकड्याचा अर्थ सगळ्यांना बेताचीच आवडली असा होतो, किंवा अर्ध्यांना फार आवडली आणि अर्ध्यांनी ओतून टाकली असाही होतो. ज्या कलाकृतीवरून दोन तट पडले ती आणि जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही ती, सरासरीत शेजारी-शेजारी बसतात. कुठल्याही वाङ्मयाच्या इतिहासात हे चालेल काय?

ब्लाँड ॲबी एलवर तर ह्या पद्धतीने विशेष अन्याय होतो, आणि म्हणूनच मी हे उदाहरण निवडले. गुण देणारा रसिक पुष्कळदा छोट्या पेल्यातून, एका बैठकीत दहा-पंधरा बिअरी चाखत असतो. अशा रांगेत जी जोरात बोलते तीच ऐकू येते : काळीकभिन्न, दहा-बारा टक्क्यांची, पिंपात मुरवलेली, हॉप्सने जीभ सोलणारी. साडेसहा टक्क्यांची, जेवणाबरोबर ३३ सेंटिलिटरची आख्खी बाटली निवांत संपवावी म्हणून घडवलेली बिअर तिथे मुखदुर्बळ ठरणारच. कविसंमेलनात टाळी घेणारी कविता आणि एकट्याने तिसऱ्यांदा वाचताना उलगडणारी कविता ह्यांची स्पर्धा मंचावर लावली तर निकाल काय लागेल, हे आपण सगळे जाणतो. गुणांच्या यादीत वरच्या जागा तीव्र, गडद आणि दुर्मिळ बिअरींनी अडवलेल्या असतात, ह्याचे कारण जगातल्या सौम्य बिअरी वाईट आहेत हे नाही. मोजण्याची रीतच तीव्रतेला गुण समजते.

दुर्मिळतेचे उदाहरण प्रसिद्धच आहे. बेल्जियममधल्या वेस्टफ्लेटरेन येथील सिंट-सिक्सतुस मठाची गडद '१२' ही बिअर २००५ साली रेटबिअरच्या यादीत जगात पहिली ठरली. मठाच्या दाराशी मोटारींच्या रांगा लागल्या, साठा संपला. मठवासींनी उत्पादन वाढवायला नकार दिला. त्यामुळे दुर्मिळता वाढली, आणि दुर्मिळतेमुळे कीर्ती आणखी वाढली. त्याच मठाची ब्लाँडही आहे, ५.८ टक्क्यांची, १९९९ पासूनची, हॉप्सकडे अधिक झुकणारी. तिच्यासाठी कोणी रात्र जागवल्याचे ऐकिवात नाही. त्याहून मजा म्हणजे बीजेसीपीच्या नियमांत 'बेल्जियन ब्लाँड'ला ६ ते ७.५ टक्के मद्यार्क असावा लागतो. म्हणून बेल्जियन मठात बेल्जियन साधूंनी 'ब्लाँड' ह्या नावाने केलेली ही बिअर ब्लाँड नव्हे, तिची जागा 'बेल्जियन सिंगल' ह्या दुसऱ्या वर्गात! वर्गवारी वस्तूवरून तयार होते आणि मग वस्तूलाच वर्गाबाहेर उभे करते. 'ही लघुकथा नव्हे, कारण लघुकथेच्या व्याख्येत बसत नाही' असे लिहिणारे परीक्षक आपल्याकडेही होऊन गेले आहेत. त्यांना अमेरिकेत चांगली नोकरी मिळाली असती.

आता मठ. ह्या बाटलीवर जे काही छापलेले असते त्यातला बहुतेक भाग वाङ्मयच असतो, तेव्हा आपल्या वाचकांनी तिथे थांबायला हवे. लेफचा मठ दिनांजवळ म्यूज नदीकाठी ११५२ साली स्थापन झाला. जाहिरातीत १२४० हे साल मिरवले जाते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मठ उठला, मद्यशाळा बंद पडली. आज जिला आपण लेफ म्हणतो तिचा उगम १९५२ साली मठाधिपती आणि लूटवूट नावाचा एक व्यावसायिक मद्यनिर्माता ह्यांच्यात झालेल्या करारात आहे. पुढे ही मद्यशाळा मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, ती आणखी मोठीच्या; आज लेफ एबी इनबेव्ह ही महाकाय कंपनी लुव्हेनच्या कारखान्यात तयार करते आणि मठाला मानधन जाते. ह्यात लपवाछपवी फारशी नाही. बेल्जियन मद्यनिर्मात्यांच्या संघाने 'मान्यताप्राप्त ॲबी बिअर' असे बोधचिन्हच काढले आहे. त्याच्या अटी म्हणजे अस्तित्वात असलेल्या वा एके काळी असलेल्या मठाशी संबंध, मठाला वा त्याच्या वारसा-संस्थेला मानधन आणि जाहिरातीवर मठाची नजर. ट्रॅपिस्ट हे नाव वेगळे. त्यासाठी बिअर मठाच्या भिंतींच्या आत, मठवासींच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि मिळकत मठाच्या चरितार्थाला व दानधर्माला जावी लागते.

इथे शुद्धतावादी रसिक उसळून उठतो. लेफ ही 'खोटी' मठाची बिअर, ट्रॅपिस्ट 'खरी', आणि तसे गुणही तो देतो. ह्या रसिकाला दोन प्रश्न विचारावेत. नेदरलँड्समधल्या कोनिंग्सहूवन मठाच्या ला ट्राप बिअरचे ट्रॅपिस्ट बोधचिन्ह १९९९ साली गेले, कारण मद्यशाळा चालवण्याबाबत बव्हारिया ह्या मोठ्या कंपनीशी करार झाला. २००५ साली ते परत मिळाले. मधल्या सहा वर्षांत तिच्या ब्लाँडची लवंग कमी झाली होती काय? आखेल मठात मठवासी राहिले नाहीत म्हणून २०२१ साली तिथल्या बिअरचे बोधचिन्ह गेले. त्या दिवशी बाटलीत नेमके काय बदलले? विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली ह्यांनी लेखकाच्या हेतूला समीक्षेतून बाहेर काढण्याचा युक्तिवाद १९४६ साली केला. इंग्रजीच्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात तो शिकवला जातो. पेल्यासमोर बसल्यावर मात्र आम्हाला साधूच्या हेतूची चव लागते!

ह्याचा अर्थ लेबलावरची गोष्ट बिनमहत्त्वाची असा नाही. बहुराष्ट्रीय कंपनीने शांततेचा, चिरेबंदी भिंतींचा आणि मौनाचा व्यापार मांडावा, ह्याबद्दल संताप येणे योग्य आहे, मलाही येतो. पण तो संताप वेगळ्या निबंधात, कंपनीचे नाव घेऊन, मालकीचा इतिहास सांगून मांडावा. तो 'चव : १० पैकी ५' ह्यात चोरून घालू नये. गुणाचा आकडा ह्याच कारणासाठी सोयीचा असतो की त्यात नैतिक राग, रूपाची भूल, दुर्मिळतेचा हव्यास आणि जिभेचा अनुभव हे सगळे एकत्र गाडता येते आणि वर कोणी उत्खनन करू शकत नाही.

आणि मालकीचाच विषय निघाला आहे तर तो पूर्ण करू. ह्याच एबी इनबेव्हच्या एका उपकंपनीने २०१६ साली रेटबिअरमध्ये हिस्सा घेतला. ही गोष्ट बाहेर आली ती २०१७मध्ये. काही छोट्या मद्यनिर्मात्यांनी आमच्या बिअरींचे गुण काढून टाका अशी मागणी केली. २०१९मध्ये संकेतस्थळ पूर्णपणे कंपनीचे झाले आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद करण्यात आले. म्हणजे काही वर्षे अशी गेली की परीक्षार्थी, पर्यवेक्षक आणि गुणपत्रिका छापणारा छापखाना एकाच घरात नांदत होते. गुण फिरवले गेले असे मी म्हणत नाही. तशी गरजही नव्हती. कंपनीने निर्णयाची प्रक्रिया विकत घेतली नाही, विदा विकत घेतला. रसिकांनी 'मी काय अनुभवले' असे समजून जे लिहिले, ते बाजाराच्या लेखी 'कोण काय पितो' एवढेच होते. आकड्यांत बोलायची सवय लागली की आपले बोलणे कोणाच्या कामी येते ह्यावर आपला ताबा राहत नाही. एखाद्याने ब्लाँडवर चार प्रामाणिक वाक्ये लिहिली असती तर ती अशा सहजतेने कोष्टकात गेली नसती.

येथवर ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यापैकी काही जण आता म्हणतील : 'खरे आहे, चव ज्याची त्याची!' ह्या मंडळींशी माझे गुणदानवाद्यांहून अधिक भांडण आहे. कांटने १७९० साली नेमके हेच पेयाच्या बाबतीत मान्य करून टाकले. कॅनरी बेटांची वाइन चांगली आहे असे न म्हणता ती मला रुचते, एवढेच म्हणावे, असा त्याचा आग्रह. सर्वांनी मान्य करावे असा दावा फक्त सुंदराबद्दल. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून (१९७४) कांटशी झुंजलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा भेद पाठ असतो. मला तो पेयाच्या बाबतीतही पुरता पटत नाही, आणि माझा साक्षीदार आहे ह्यूम.

अभिरुचीच्या मानदंडावरच्या १७५७ सालच्या निबंधात ह्यूम 'डॉन किहोते'तली गोष्ट सांगतो. सांचोच्या घराण्यातल्या दोघा जाणकारांना पिंपातल्या वाइनबद्दल मत विचारले. एक म्हणाला, उत्तम आहे, फक्त किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण मला लोखंड लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीत ओवलेली. ह्या गोष्टीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते सहसा शिकवले जात नाही. दोघांचे मत एक नव्हते, तरी दोघे बरोबर होते. दोघांनी आकडा सांगितला नाही, पदार्थ सांगितला. समजा त्यांच्याकडून गुण मागवले असते : एकाचे ३९, दुसऱ्याचे ४१. सरासरी ४०. चामडे आणि लोखंड ह्यांची सरासरी काढून किल्ली सापडली असती काय?

बिअरमध्ये अशा किल्ल्या सापडतात. हिरव्या वा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली की हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन एक उग्र दुर्गंधी तयार होते. ज्याला ती आली तो सांगू शकतो की बाटली उजेडात होती, आणि दुसरी बाटली मुद्दाम खिडकीत ठेवून ते पडताळता येते. जुनी झालेली, हवा लागलेली बिअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आंबवणे घाईने उरकले तर लोण्याचा वास राहतो. ही विधाने खरी वा खोटी ठरू शकतात. मॉर्टन मायलगार्ड ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बिअरच्या चव-गंधांचे प्रसिद्ध चक्र आखले ते ह्यासाठीच, मद्यशाळेतल्या दोन माणसांना एकाच गोष्टीसाठी एकच शब्द वापरता यावा म्हणून. ते निदानाचे साधन होते. रसिकांनी त्याचे अलंकारांच्या यादीत रूपांतर केले, आणि मग ब्लाँडच्या एका घोटात केळे, पेअर, मध, बिस्कीट, धणे, संत्र्याची साल, बबलगम असे सात पदार्थ सापडू लागले. 'ह्या कवितेत उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती हे अलंकार आढळतात' असे लिहून पूर्ण गुण घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी ओळखतो. त्याने कविता वाचलेली नसते.

इथे मराठीचा एक फायदा आहे, जो मराठीत लिहिणारे बिअर-रसिक इंग्रजी शब्दांच्या नादात वाया घालवतात. नामांची यादी सांगते की ही वस्तू दुसऱ्या कुठल्या वस्तूसारखी आहे. आपली चवीची विशेषणे वस्तूवर काय घडले ते सांगतात. खरपूस म्हणजे विस्तवाने योग्य वेळी सोडलेले, करपट म्हणजे वेळ चुकलेले. मुरलेले, उतरलेले, शिळावलेले, आंबूस, खवट, मिळमिळीत : प्रत्येकात काळ आहे, क्रिया आहे आणि निवाडाही आहे. माल्टला 'बिस्कीट' म्हणण्यापेक्षा 'अजून खरपूस न झालेला, नुसताच भाजका' म्हटले, तर ब्लाँड आणि तिची तांबूस बहीण ह्यांच्यातला फरक एका शब्दात कळतो. सौम्य आणि सपक ह्यांत जो भेद मराठी कान ऐकतो, तोच चांगल्या आणि वाईट ब्लाँडमधला भेद आहे, आणि तो ५ पैकी ३.३ व ३.१ ह्यांत कोणाला ऐकू येणार नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. गुण नकोत, वाक्ये द्या. खरेदीदाराला दुकानात उभे राहून निबंध वाचायला वेळ नसतो, ही सबब मला ठाऊक आहे. त्याला दोन वाक्ये पुरतात. 'लेफ ब्लाँड सुरुवातीला गोडसर, भरीव, लवंगेचा वास ठळक. शेवटी गोडी पुरती हटत नाही, म्हणून दुसरी बाटली जड जाते.' ह्याच्याशी कोणी असहमत होऊ शकतो, आणि असहमत होताना त्याला कुठे बोट ठेवायचे ते कळते. 'लेफ ब्लाँड : ३१' ह्याच्याशी असहमत होणारा '३४' म्हणेल. पुढे काय बोलायचे?

आणि घोटाला काळ असतो, हे वाक्यच सांगू शकते. फ्रीजमधून काढलेली ब्लाँड पहिल्यांदा जवळजवळ मुकी असते. थंडी, बुडबुडे आणि पुसटशी गोडी. पांढरा, दाट फेस बसेपर्यंत पाच-दहा मिनिटे गेलेली असतात, आणि पेला हातात धरल्याने कड उबदार झालेली असते. मग यीस्ट बोलू लागते, आधी फळ, मागून मसाला. निम्म्या पेल्यानंतर गोडी ओसरून मागची कोरड आणि हॉप्सचा कडवटपणा पुढे येतो. चांगल्या ब्लाँडमध्ये ही कोरड पुढच्या घोटाला बोलावते, वाईटमध्ये तिच्या जागी मद्यार्काची ऊब आणि चिकट गोडवा उरतो. हा निवाडा शेवटच्या तिसऱ्या हिश्शातच करता येतो. छोट्या पेल्यातून चाखणारा तिथवर पोचतच नाही.

शेवटी तळाचा प्रश्न उरतो. बाटलीत पुन्हा आंबवलेल्या ब्लाँडच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो पेल्यात ओतायचा की बाटलीतच ठेवायचा, ह्यावर बेल्जियममध्येही एकमत नाही. ओतला तर सोनेरी पारदर्शकता जाते, बिअर गढूळ होते, आणि 'दिसणे' ह्या रकान्यातला एखादा गुण हमखास कापला जातो. पण शेवटच्या दोन घोटांना ताज्या पावाच्या आंबवणासारखा एक भरीवपणा येतो. मी ओततो.